घरच्या माणसाचं काम

ब्रॉडबँडच्या कचेरीत, बिघडलेला मोडेम काखोटीला मारून रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याच्या कानांवर पुढच्या आजींचं आणि कारकुनाचं बोलणं पडत होतं.

“आजी, आमचा माणूस दोनदा येऊन गेला. मोडेम ठणठणीत आहे. कॉम्प्युटरची वायरच निघालेली असते.”

“निघते खरी.”

“टक् आवाज येईपर्यंत दाबायची, झालं!”

“ठाऊक आहे रे बाळा. लेकानंच शिकवलंय परदेशी जाताना.”

“मग निघते कशी?”

“तो म्हणतो, रोज पडद्यावर दिसतो ना मी, मग यायला कशाला हवं?”

“येऊन किती वर्षं झाली त्याला?”

“पाच. त्याचा फोन आला तर एवढंच सांग राजा, हे आमच्याच्यानं होत नाही.”

“बरं. तक्रारवहीत लिहितो, घरच्या माणसानंच यायला हवं.”

“ठळक लिही हो.”