अर्जेंटम नायट्रिकमची तोंडी

परीक्षेचं टेन्शन मला सांगू नका यार! होमिओपॅथीला मटेरिया मेडिका असतो ना, त्यात शेकडो औषधांची लक्षणं पाठ करावी लागतात. एकदा उडाले होते मी त्यात. पप्पांनी सरळ सांगितलेलं, "परत उडालीस तर मुलुंडला काकाच्या दुकानात बसायचं."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "अर्जेंटम नायट्रिकम कोणाला द्याल?"

डोकं एकदम ब्लँक! पोटात असा मुरडा आला, की मी बोलून गेले, "सर, टॉयलेटला जाऊन येऊ?"

"बरोबर. पुढे?"

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी पटकन तोंडातलं गिळलं.

"तोंडात काय आहे?"

"पेढा, सर. सकाळपासून नुसतं गोड खावंसं वाटतंय."

"हेही बरोबर. अजून?"

"सर, प्लीज!" म्हणत मी खुर्ची पाडून सुटलेच. मागून सर ओरडले, "घाई! हेही लक्षण बरोबर! अगं, परीक्षेच्या धास्तीवरचंच औषध आहे ते. पास!"

हे मला मागाहून दाराबाहेर नंबरची वाट बघणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं. मी तेव्हा टॉयलेटमध्ये कडी लावून, काकाच्या दुकानात कुठल्या काउंटरला बसायचं ते ठरवत होते.