वाघावरचा आळ

आक्काबाई: सुरेखा, कडी काढ. दिवस अजून डोंगराव हाय आन तू आत्तापासनंच दार लावून बसलीस.

सुरेखा: आत्या, तू एकटीच हायस ना?

आक्काबाई: एकटीच. संगं खिरीचं पातेलं हाय. त्येचं भ्या वाटत असंल तर त्येला भाईरच ठेवते.

सुरेखा: ये. लवकर ये. आन कडी लाव परत.

आक्काबाई: लावते, बाई. किती वाळलीस गं. खालच्या मुलखातनं डाळिंबं तोडून आल्यापासनं तू उंबरा वलांडला न्हाईस. मोरीत जायचं तरी मला हाक मारतीस. आज वाघबारस हाय. सारी वाडी वाघोबापाशी जमलीय. पोरांनी राख-गेरू फासून वाघ, अस्वल, तरसाची सोंगं घेतली. आन वाघाला विचारनार कोन? तुझा बाप व्हता तवर त्यो विचारायचा, 'येशील का परत आमच्या गुरांवर?' वाघ न्हाई म्हनायचा, मग त्येला शिवंपातुर हाकलायचा. आता बापामागं घरात थोरली तू.

सुरेखा: बन्सी विचारंल.

आक्काबाई: तुझा भाऊ यंदा सोताच वाघ झालाय. सोताला कसा विचारंल त्यो? आन समद्यांचं म्हननं हाय, जिला वाघानं धरलं तिनंच त्येच्याकडनं शबूद घ्यावा. म्हंजे तिचं भ्या जाईल.

सुरेखा: मला न्हाई जमायचं. त्या दगडापुढं मी उभी ऱ्हाऊच शकत न्हाई.

आक्काबाई: दगड काय म्हनतीस? देव हाय त्यो आपला.

सुरेखा: म्हनूनच.

बन्सी: ताई, दार उघड. मी हाय.

सुरेखा: कोन? कोन हाय त्यो? आत्या, उघडू नको. तुझ्या पाया पडते, उघडू नको.

आक्काबाई: अगं, बन्सी हाय. पाठच्या भावाचा आवाज वळखंना व्हय तुला? थांब, मी काढते कडी.

बन्सी: गेरूला भ्यालीस व्हय? मीच हाय, ताई. हे बघ मोबाईलवर काय आलंय. त्या डाळिंबाच्या बागंत पिंजरा लावला व्हता ना, सापडला बघ तुझा वाघ. साऱ्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. गजांवर डोकं आपटून पार तोंड फोडून घेतलंय. माझ्या बहिनीला धरतो काय? भोग म्हनावं आता.

सुरेखा: बंद कर त्ये.

बन्सी: अगं, बघ तर खरं.

सुरेखा: बंद कर, बन्सी. तुला हात जोडते.

आक्काबाई: जा तू. वाघोबापाशी चूल पेटवा तवर. आमी येतो मागनं.

बन्सी: मला वाटलं, तिला बरं वाटंल. जातो.

सुरेखा: आत्या, वाघोबा मला जित्ती सोडायचा न्हाई.

आक्काबाई: काय बोलतीस?

सुरेखा: त्यो वाघ नव्हता.

आक्काबाई: मग काय व्हतं? तरस?

सुरेखा: मानूस व्हता. बागंच्या मालकाचा पोरगा, राधाकृष्ण. बाया डाळिंबं तोडून टेम्पोकडं गेल्या, मी पान्याची कळशी आनायला मागं ऱ्हायले. त्यानं मागनं तोंड दाबलं. पुढचं मला बोलवत न्हाई. सुटायला गेले तर काटेरी तारंवर पडले, तिथं अंग फाटलं. वरडनं ऐकून बाया पळत आल्या. रगत बघून कुनीतरी म्हनलं, वाघ आला. त्योबी त्यांच्यात मिसळला आन माझ्याकडं बघत म्हनला, व्हय, वाघच. आन मी मान हलवली, आत्या.

आक्काबाई: इकडं ये. माझ्या मांडीव डोकं ठेव.

सुरेखा: आपल्या देवावर आळ घेतला मी. माझ्यापायी त्ये मुकं जनावर तिकडं रगताळलंय. पान हाललं तरी वाटतं, आला आता, विचारनार, माझं नाव का घेतलंस? मला मानसाचं भ्या वाटतं का वाघाचं, त्येबी कळंना झालंय.

आक्काबाई: रड. लाज धरू नको. आन रडून झालं की एक सांग, वाघाला विचारायचा मान आपल्याच घराला का हाय?

सुरेखा: पनजानं वाघ मारला व्हता म्हनून.

आक्काबाई: त्या बाबानं जल्मात घूस मारली न्हाई. मान तुझ्या पनजीचा हाय, बनाबाईचा. लाकडाच्या ठेकेदाराचा मुकादम तिला रानात आडवा आला. जखमा बघून समदे म्हनले, वाघानं धरली. तीबी व्हय म्हनली, लाजंपायी आन भ्यापायी. पन वाघबारसंला तिला ऱ्हावंना. साऱ्या वाडीपुढं वाघोबाला मिठी मारून म्हनली, देवा, तुझ्यावर आळ घेतला, पदरात घे. आन मुकादमाचं नाव घेतलं. त्या दिशी वाघाच्या आधी मुकादमाला शिवंभाईर हाकलला. तवापासनं मान आपला. शिकार पुढं बाप्यांनी घुसडली, त्यांना त्येच सांगायला बरं वाटतं.

सुरेखा: मला कुनी कधी सांगितलं न्हाई.

आक्काबाई: माझ्या आईनं मला सांगितलं. मी तुला आधीच सांगायला पायजे व्हतं.

सुरेखा: मग देवानं काय केलं तिला?

आक्काबाई: काय करनार? नातवंडं-पतवंडं खेळवली तिनं. अगं येडे, तुला बोलता येत नव्हतं तवर त्यानं तुझं झाकलं. आपलं मानूस म्हनून आळ सोसला. आता त्येला मोकळा कर.

सुरेखा: लोक नावं ठेवतील.

आक्काबाई: ठेवतील थोडे. तिलाबी ठेवली व्हती. खोटं कशाला सांगू?

सुरेखा: माझा आवाजच निघायचा न्हाई.

आक्काबाई: न्हाई निघाला तर खीर खाऊन घरी येऊ. चल, हात धर माझा.

(वाघोबाच्या दगडापुढे. सगळी वाडी गोल करून उभी आहे. बन्सी वाघ होऊन गुडघ्यांवर बसला आहे.)

बन्सी: विचार, ताई.

सुरेखा: आत्या, हात सोडू नको.

आक्काबाई: न्हाई सोडत.

सुरेखा: मी... मी आज वाघाला येऊ नको म्हननार न्हाई. मला वाघानं धरलं न्हाई. मी खोटं बोलले. बागंवाल्याच्या राधाकृष्णानं धरलं मला. देवा, तुझ्यावर आळ घेतला, मला पदरात घे. त्या पिंजऱ्यातल्या जनावराचा काईबी गुन्हा न्हाई. उद्या चौकीत जाऊन मी हेच सांगनार हाय. लई भ्या वाटतंय मला. आत्ताबी वाटतंय.

बन्सी: त्यानं? ताई, त्यानं? कोयता द्या रे कुनीतरी. मी आत्ता जातो.

आक्काबाई: खाली बस. तू आता बन्सी न्हाईस. तिनं देवाला हाक मारलीय आन आज देवाचं तोंड तू हायस. जबाब दे तिला.

बन्सी: काय देऊ, आत्या?

आक्काबाई: ती भ्यालीय. वाघ काय म्हनंल तिला?

बन्सी: वाघ... चल पुढं, पोरी. तुझ्या मागं मी हाय.