सराईची कमान

माझं म्हायेर पाथर्डीकडचं, कोरडं रान. बाप घानीवर चुना मळायचा, बैल गोल फिरायचा अन् आमी लेकरं चाकाखालचा चुना खोऱ्यानं सारत त्येच्यामागं, त्येच आमचं खेळनं. लगीन झालं भिंगारच्या गवंड्याशी. त्येंचा हात लई हलका, चुन्याचा गिलावा असा घोटायचे का त्यात तोंड दिसावं. पुढं शिमिट आलं, चुन्याला कोन इचारतंय. मंग एक दिवस त्ये परांचीवरून पडले, सा म्हैने अंथरुनाला हुते, अन् गेले. मी खडी फोडाया जाऊ लागले.

काय सांगू तुमाला, इतिहास मंडळाचे गुरुजी मालकांचं नाव इचारत मला हुडकत आले त्ये त्या खडीवरच. शाळेतून रिटायर झालेले मास्तर. येशीजवळच्या जुन्या सराईत मंडळाचं बिऱ्हाड, जुनी कागदं, तांब्याची नानी, असलं काय काय ठिवलेलं, अन् म्हैन्याला येक व्याख्यान न्हाईतर भजन, सारं भिंगार जमायचं. गुरुजी म्हनले, सोनाबाई, कोपऱ्यातली कमान उकललीय, समदे शिमिट भरा म्हनत्यात, पन माझं मन घेईना. मी भिंतीला हात लावून बघितला अन् म्हनलं, ह्या दगडाला शिमिट धरनार न्हाई, चुनाच पायजे, त्यो मला येतो. बाई गवंडीकाम करनार म्हनून मंडळातले दोघं हसले. गुरुजी न्हाई हसले.

घानी मांडली, चुना खड्ड्यात भिजत घातला, अन् त्याच साली दुष्काळ पडला. चुन्याला पानी लई लागतं, मळताना लागतं, लावल्यावर पंधरा पंधरा दिस शिंपावं लागतं. सराईच्या आडात गुडघाभर पानी हुतं, आळीतल्या बाकी आडांचा तळ दिसाया लागलेला. सकाळी दार उघडलं का भायेर बाया घागरी घिऊन उभ्या, आडाकडं बघायच्या. तिसऱ्या दिशी मी घानी थांबवली. गुरुजींना म्हनलं, ह्या पान्यानं मी चुना मळनार न्हाई, आड लोकांना खुला करा. त्ये म्हनले, सोनाबाई, कमान पडंल. मी म्हनलं, व्हय, पडंल. मंग त्येंनी सराईच्या दाराची चावी काढून माझ्या हातात दिली. खड्ड्यातला चुना वाळून दगड झाला.

पुढं पाथर्डीकडची मानसं कामं हुडकत आली, माझ्या म्हायेरचीच म्हना की. गुरुजींनी व्याख्यानाच्या दिवानखान्यातल्या सतरंज्या त्यांना आंथरून दिल्या. कमानीखाली मातर कुनाला बसू द्यायचे न्हाईत, सोता दोर बांधला हुता. पाऊस आला त्या साली कमान पडली. भर दुपारची येळ, समदी भायेर चुलीपाशी, म्हनून कुनाला खरचटलंबी न्हाई. पन त्यो आवाज ऐकला अन् मालक परांचीवरून पडले त्यो दिस माझ्याम्होरं उभा ऱ्हायला. गुरुजी त्या ढिगात बसले, येकेक दगड हातानं पुसत हुते. मला म्हनले, तुमचं चुकलं न्हाई. येवढंच. माझ्याच्यानं वर बघवंना.

गावाकडं निघालेली मानसं त्ये बघून थांबली. एक म्हातारबा म्हनले, आमी इथं पानी प्यालोय बाई, दगड उचलल्याबिगर जायाचं कसं. गुरुजींनी खडूनं दगडांवर आकडे टाकले, त्यांनी उचलले, मी नवा चुना मळला अन् येकेक बशिवला. दोन दगड फुटले हुते, त्ये नवे घडवले, त्येंचा रंग येगळा दिसतो.

आता कारेक्रम आसला का लोक कमान बघून चांगली झाली म्हनत्यात. मला ठावं हाय, पयल्यावानी न्हाई झाली. माझी नजर त्या दोन दगडांवरच जाती. गुरुजी मला म्होरं बसा म्हनत्यात, मी मागंच बसते, तिथून समदी मानसं दिसत्यात. तुमी लिवून घेताय तर येवढं लिवा, ज्यांनी त्या साली आडाचं पानी नेलं त्यांची लेकरंबाळं सुखात ऱ्हावू द्या. कमानीचं मी बघते, हात चालत्यात तवर.