बाजारच्या दिवशीची पाहुणी

आमच्या घरी झोपायला आलेल्या बाईचं तुम्हाला सांगायचं राहिलंच की! मुलाच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आसेगावला राहायला आलो, तेव्हा सून रोज म्हणायची, "बाबा, इथं आपलं कोणी नाही. परत जाऊ या."

एका बाजारच्या दुपारी दार उघडं होतं. उन्हात निंबाचं पानही हलत नव्हतं. एक म्हातारी आत आली, बांगड्यांची टोपली ठेवली, माठातलं पाणी प्याली आणि पंख्याखाली शांत झोपली. सुनेनं हळूच तिच्या डोक्याखाली उशी सरकवली. मी माशा वारत बसलो.

चहा टाकताना सून कुजबुजली, "बाबा, तुमच्याकडच्या या पाहुण्यांना साखर चालते का?"

"माझ्याकडच्या? मी तर तुझ्या माहेरच्या समजलो!"

तेवढ्यात म्हातारी उठून बसली. "बाजाराच्या दिवशी मी इथंच निजत असतो, किती वर्सांपासून. तुमी कोण पाहुणे आले?"

सून बावरून म्हणाली, "चार दिवस झाले येऊन. आता जायचं म्हणतोय."

"एवढी घाई कायले करतं? राह्य ना बाई, घर आपलंच आहे."

सुनेनं चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं, राहते."