पाळक होते की ठेकेदार?

सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावर बसलेले पंच कमिटीचे सभासद, दुरून आलेले पाहुणे आणि समोरच्या बाकांवरच्या माझ्या भावाबहिणींनो,

आपल्या चर्चच्या पाळकांच्या ह्या निरोपसमारंभात त्यांची बायको म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनच बोलणार होते. पण मघापासून इथे जे ऐकतेय, त्यानंतर दोनात भागेल असं वाटत नाही.

कोणी छपराचं कौतुक केलं, कोणी पंख्यांचं. खजिनदारांनी तर नव्या संडासांचं इतकं मन लावून वर्णन केलं, की मला प्रश्न पडला, माझे यजमान पाळक होते की ठेकेदार? इतकी वर्षं हे दर रविवारी त्या पुलपिटवर उभे राहून संदेश देत आले. त्यातलं एक वाक्य कोणाला आठवू नये?

आणि आठवणार तरी कशाला? कमिटीने ठरवलंच आहे. नवा पाळक आणायचा नाही, पडदा लावायचा आणि मोठ्या शहरातल्या नामांकित वक्त्याचे संदेश त्यावर दाखवायचे. वक्ता उत्तम आहे, मीही ऐकलंय. ह्यांच्यासारखा अडखळत नाही, मधेच चष्मा शोधत नाही. पण तुमच्या घरात काय चाललंय, ते त्याला कसं कळणार? हे शनिवारी दिवसभर घरोघर हिंडायचे. मी करवादायची, अहो, उद्याचा संदेश लिहिणार कधी? तर म्हणायचे, तोच तर लिहितोय.

अध्यक्ष साहेब, खाली बघू नका. आता तुमचंच सांगणार आहे. बेकरीवरून तुमचा आणि धाकट्या भावाचा अबोला होता. ह्यांनी एका रविवारी दोन भावांवर संदेश दिला. तुम्ही मधेच उठलात, दार आपटलंत, आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ह्यांच्यावर तुटून पडलात, की चारचौघांत माझी अब्रू घेतलीत.

हे म्हणाले, "मी नाव कुठे घेतलं? ओळखलंत तुम्ही."

तुम्ही उभ्याउभ्याच चहा घेतलात आणि तडक भावाकडे गेलात. आज तो पहिल्या बाकावर बसलाय, आणि तुमचा कोट त्याच्या मांडीवर आहे.

संदेश असतो कशासाठी? नुसतं छान वाटावं म्हणून? ज्याला लागायला हवं त्याला तो लागावा, आणि लागल्यावर भांडायला समोर एक माणूस असावा, म्हणून असतो. मग सांगा साहेब, त्या दिवशी पडदा असता तर तुम्ही कोणाच्या स्वयंपाकघरात जाणार होतात?

मला राग आलाय, लपवत नाही. हे खालून पुरे म्हणून खुणा करताहेत, तेव्हा आवरते.

हॉल सजवणाऱ्या मुलींचे, चहापाणी बघणाऱ्यांचे आणि माझं हे सगळं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. रविवारपर्यंत आम्ही इथेच आहोत. सामान बांधून झालंय, पण किटली आणि कप मी मुद्दाम बाहेर ठेवलेत. ज्याला माझा राग आला असेल, त्याने घरी यावं.