मंगळू भोये विमान उडवतो त्या व्हिडिओबाबत

पोलीस ठाणे अंबड, नाशिक शहर
दि. १४/०७/२०२५, सकाळी ११.२० वा.

नाव : रंगनाथ फकिरा आहेर. वय : ४८ वर्षे. धंदा : नोकरी (प्रेस शॉप सुपरवायझर). राहणार : इंदिरानगर, नाशिक. मूळ राहणार : ता. नांदगाव, जि. नाशिक.

मी वरील नावाचा इसम आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, उपनिरीक्षक तेजल मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वर दिलेल्या पत्त्यावर पत्नी व मुलीसह राहतो. अंबड औद्योगिक वसाहतीतील वरदांत प्रेस पार्ट्स या कंपनीत मी सव्वीस वर्षांपासून काम करतो. हेल्पर म्हणून लागलो. गेली नऊ वर्षे सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या अकरा प्रेस व चौदा ऑपरेटर आहेत.

मंगळू काळू भोये, वय ४६, मूळ राहणार सुरगाणा तालुका, हल्ली चुंचाळे, यास मी ओळखतो. आम्ही दोघे एकाच महिन्यात हेल्पर लागलो. दोन वर्षे एका खोलीत राहिलो. शनिवारी कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही त्रिमूर्ती चौकातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एका रुपयाला एक डाव याप्रमाणे विमानाचा खेळ खेळत असू. मंगळू माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. त्याचा एक डाव संपेपर्यंत माझे चार संपत.

दि. ११/०३/२०२५ रोजी सकाळी १०.४० वाजता चार नंबर प्रेसवर काम करताना मंगळूचा उजवा हात साच्यात, म्हणजे डायमध्ये सापडला. तीन ऑपरेशन झाली. पाचही बोटे शाबूत आहेत, म्हणजे दिसायला आहेत. अंगठा थोडा हलतो. बाकीची चार बोटे वळत नाहीत व त्यांना गरम-गार कळत नाही. त्याबद्दल त्याला अपंगत्वाचा दाखला मिळाला आहे.

मंगळूने भरपाईसाठी हात निकामी झाल्याचे सोंग करून दाखला मिळवला व फसवणूक केली, सबब त्याच्यावर गुन्हा दाखल करावा, असा अर्ज कंपनीने या पोलीस ठाण्यात दिला आहे. अर्जासोबत ३८ सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. त्यात मंगळू टीव्हीवर विमानाचा खेळ खेळताना दिसतो व विमानातून सारख्या गोळ्या सुटताना दिसतात. मला तो व्हिडिओ आज दाखवला. तो मी काढलेला आहे. त्याबाबत मला विचारपूस करण्यासाठी बोलावले आहे.

दि. १९/०६/२०२५ रोजी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीचे एचआर मॅनेजर हर्षल कुलथे यांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते म्हणाले, “आहेर, तुमचा दोस्त आहे ना तो? जरा जाऊन या. दिवसभर काय करतो बघा. एक छोटा व्हिडिओ काढा, वेलफेअरच्या फाइलला लागतो.” मी बरे म्हणालो. आमच्या कंपनीत वेलफेअरची फाइल नाही. हे मला त्या वेळीही माहीत होते. मला काही कल्पना नव्हती असे मी सांगणार नाही.

दि. २१/०६/२०२५ रोजी शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमारास मी मंगळूच्या घरी गेलो. घरात तो, त्याची पत्नी सुलाबाई व मुलगी मनाली असे तिघे होते. मंगळू खाली सतरंजीवर टीव्हीसमोर बसला होता. मला पाहून म्हणाला, “ये रंगनाथभाऊ, बस. चांगला आलास. आज तुझी सगळी विमानं पाडतो.”

त्याच्या मांडीवर करड्या रंगाचा चौकोनी गेमपॅड होता. दिसायला पूर्वीच्या गेमसारखाच, पण बिनवायरचा. पेनड्राइव्हसारखी एक कांडी टीव्हीला लावली की त्यात जुने खेळ चालतात. डाव्या बाजूला अधिकच्या खुणेसारखे एक बटण असते, त्याने विमान हलते. उजव्या बाजूला दोन लाल बटणे असतात, त्यांनी गोळी सुटते. मंगळू त्याला रिमोट म्हणतो. हाताचा व्यायाम म्हणून त्याला रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो त्याच्याकडून दाबला जाईना व तो चिडचिड करी, म्हणून मनालीने हा मागवला, असे सुलाबाईने सांगितले.

मंगळू डाव्या अंगठ्याने विमान हलवत होता व लाल बटण हनुवटीने दाबत होता. सुलाबाई म्हणाली, “बघा भाऊ, कोंबडी दाणे टिपते तसं चाललंय दिवसभर. मान धरली का मलाच तेल लावायला सांगतो.” सगळे हसले. मीही हसलो.

लाल बटणांच्या वर दोन लहान काळी बटणे होती. मी मनालीकडे त्याचा माहितीचा कागद मागितला. तो इंग्रजीत होता, तिने वाचून सांगितला. लाल बटण व त्याच्या वरचे काळे बटण एकदम दोनदा दाबले की गोळ्या आपोआप सुटत राहतात, मग बटणाला हात लावावा लागत नाही. मी ते तसे दाबून दिले. उजवे लाल बटण कायमचे चालू झाले. मी मंगळूला म्हणालो, “आता नुसता हात ठेव त्याच्यावर. बाकी ते करतंय.”

मंगळूने उजवा हात डाव्या हाताने उचलून गेमपॅडवर ठेवला व खेळायला लागला. त्याचे विमान तिसऱ्या टप्प्याच्या पुढे गेले. तो ओरडला, “सुले, इकडं बघ! हात मेला, पण विमान उडतंय!” त्या वेळी मी मोबाइल काढला. तो म्हणाला, “काय रं, फोटो?” मी म्हणालो, “जुन्या पोरांना दाखवतो.” त्याचा उजवा हात घसरून मांडीवर येत होता. मी म्हणालो, “हात जरा वर घे, नीट दिसू दे.” त्याने तो पुन्हा उचलून वर ठेवला. थोड्या वेळाने घसरला तेव्हा आणखी एकदा ठेवला.

व्हिडिओ एक मिनिट बावन्न सेकंदांचा झाला. त्यात हात उचलून ठेवल्याचे दोन वेळा दिसते व “हात जरा वर घे” हे माझे बोलणे ऐकू येते.

नंतर चहा झाला. मला दूध चालते म्हणून मनाली दुकानातून दूध घेऊन आली, ते तिघे कोराच पितात. निघताना सुलाबाईने नागलीच्या पापडांची पिशवी दिली. म्हणाली, “वहिनींना द्या, गावाकडचे हायेत.” ती पिशवी अद्याप माझ्या गाडीच्या डिकीत आहे. घरात नेलेली नाही.

दि. २३/०६/२०२५ रोजी मी कुलथे साहेबांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, “लांब आहे. मधला कापा. आणि आवाज काढून टाका, पंख्याचा त्रास होतो.” व्हिडिओत पंख्याचा आवाज नाही. मी माझ्याच मोबाइलवर तो कापला व आवाज बंद केला. कोणी जबरदस्ती केली नाही. साधारण पाच मिनिटे लागली. हात उचलून ठेवल्याचे दोन्ही भाग त्यात कापले गेले.

दि. २५/०६/२०२५ रोजी मीटिंग हॉलमध्ये तो मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आला. आम्ही सात जण होतो. कचोऱ्या मागवल्या होत्या. कुलथे साहेब कचोरी खात होते व तेलाची बोटे कागदाला पुसून व्हिडिओ पुन्हा पुन्हा सुरू करत होते. ते म्हणाले, “बघा, अपंग माणूस बघा. असा अंगठा तर माझा पण चालत नाही.” एक जण म्हणाला, “साहेब, याला पायलट करा.” हसणे झाले. मला चिंचेची चटणी पुढे केली, ती मी घेतली.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ प्रेस शॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. त्याला कोणीतरी बँडचे संगीत लावले होते. मंगळू त्या ग्रुपमध्ये आहे, त्याला काढलेले नव्हते. सत्तावीस जणांनी हसण्याची चित्रे टाकली. मी अंगठ्याचे चिन्ह टाकले. मंगळू त्या वेळी ऑनलाइन असल्याचे मोबाइलवर दिसत होते. त्याने काही लिहिले नाही. मला फोनही केला नाही. आजपर्यंत केलेला नाही.

मागील शुक्रवारी कुलथे साहेबांनी मला टाइप केलेला एक कागद दिला व आज येथे तसेच सांगावे असे सांगितले. त्यात, “सदर इसम उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण सेकंदाला सात ते आठ वेळा दाबत असल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले” असे वाक्य आहे. मी असे पाहिलेले नाही. तो कागद मी हजर करत आहे. मूळ पूर्ण व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे, मोबाइलही हजर करत आहे.

काल रविवारी शिफ्ट सुटल्यावर मी तो गेमपॅड मागायला चुंचाळ्याला गेलो. मंगळू घरात असून बाहेर आला नाही. आत टीव्ही बंद होता. मनालीने गेमपॅड व कांडी पिशवीत घालून आणून दिली. ती म्हणाली, “व्हिडिओ काढायचाय का काका? पप्पांना हात वर घ्यायला सांगू?” मी पिशवी घेतली. सुलाबाई उंबऱ्यात उभी होती. तिने बस म्हटले नाही.

आज मॅडमच्या परवानगीने ती कांडी येथील टीव्हीला लावली. विमानाचा खेळ सुरू करून मी लाल व काळे बटण दोनदा दाबले आणि गेमपॅड टेबलावर ठेवून हात बाजूला घेतले. विमानातून गोळ्या सुटत राहिल्या. हजर असलेले हवालदार म्हणाले, “अहो, हे तर कोणी हात न लावताच मारतंय की!” त्यांनी गेमपॅड उलटा करून पाहिला, तरी गोळ्या सुटत होत्या. मंगळूच्या व्हिडिओतल्या गोळ्या व या गोळ्या एकाच अंतराने सुटतात, हे मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

त्यानंतर मॅडमनी मला विचारले की, “आहेर, त्या घरात कोणाला हे बटण सुचलं नाही. मुलीकडे कागद होता, तिलाही नाही. तुम्हाला आल्या आल्या कसं सुचलं?”

त्यावर माझे सांगणे असे की, माझे कामच ते आहे.

आमच्याकडील जुन्या प्रेसला समोर दोन बटणे असतात. डाव्या हाताने डावे व उजव्या हाताने उजवे, अशी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणावर असले की डायमध्ये हात राहत नाही, म्हणून ती तशी बनवलेली असते. त्यात वेळ जातो. एक बटण कायमचे दाबून ठेवले तर ऑपरेटर एका हाताने पत्रा घालतो व दुसऱ्या हाताने प्रेस मारतो. तासाला दीडपट माल निघतो. त्यासाठी बटणावर लोखंडी वॉशर ठेवून वरून काळी टेप गुंडाळतात. याला आमच्याकडे बटण बांधणे म्हणतात. साहेब लोक फेरी मारतात तेव्हा त्यांना टेप दिसते. ते काही विचारत नाहीत, माल किती निघाला ते विचारतात.

दि. ११/०३/२०२५ रोजी चार नंबर प्रेसचे उजवे बटण बांधलेले होते. मंगळू उजव्या हाताने पत्रा घालत होता. सकाळी शिफ्ट सुरू होताना तो मला म्हणाला होता, “भाऊ, आज नको बांधू. डाय नवी हाय, पत्रा अडकतोय.” मी म्हणालो होतो, “दुपारपर्यंत काढ, मग सोडतो.”

मंगळूला दवाखान्यात नेल्यावर मी टेप काढली व बटणावरचा चिकटा थिनरने पुसला. त्यानंतर अपघाताच्या रिपोर्टवर साक्षीदार म्हणून सही केली. “दोन्ही बटणे सुस्थितीत होती, अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला,” असे त्यात लिहिले आहे. सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. मंगळूने ही गोष्ट दवाखान्यात किंवा त्यानंतर कोणाजवळ बोलून दाखवली नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हाही त्याने ती काढली नाही. त्याने मला चहा पाजला.

त्या दिवशीचे वॉशर मी टाकून दिले नव्हते. ते माझ्या कपाटात होते. आज कागदाच्या पाकिटात घालून हजर करत आहे. त्याच्या एका बाजूला टेपचा चिकटा अजून आहे.

मॅडमनी मला विचारले की, “हे लिहून घेतलं की तुम्ही नुसते साक्षीदार राहत नाही. समजतंय ना?” मी समजते असे सांगितले. “वकिलांना विचारायचं असेल तर थांबू या,” असेही त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो.

मंगळू काळू भोये याचा उजवा हात खरोखर निकामी आहे. त्याने कोणाची फसवणूक केलेली नाही. कंपनीच्या अर्जातील त्याच्याविरुद्धचा मजकूर खोटा असून तो खोटा दिसू नये अशी व्यवस्था मी केली.

वरील मजकूर मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. मधे एका ठिकाणी “ऑपरेटर बटण बांधत असत” असे आले होते. तेथे मी त्यांना थांबवले व त्या दिवशी चार नंबरचे बटण मी स्वतः बांधले, मंगळू नको म्हणत असताना बांधले, असे घालायला सांगितले. ते वाक्य काढून ही दुरुस्ती येथे नोंदवली आहे. आता तो मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यात कोणी पढवलेले काही नाही.

खालील सही माझी असून ती मी माझ्या उजव्या हाताने केली आहे.

(रंगनाथ फकिरा आहेर)