उसनं ऊन

धाकटी : ताई, पावणेबारा झाले. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, त्यातला निम्मा तू आईच्या वेणीत घालवलास. गाडी खाली उभी आहे.

ताई : उभी राहू दे. केस आहेत ते, दुकानातली शिवण नाही मशीनवर फर्रकन मारायला.

धाकटी : बाराच्या उन्हाला आम्ही माझ्या खोलीत असायला हवं. ऊन जिथवर आत येतं तिथे खूण करायची असते, माहीत आहे ना तुला?

ताई : अकरा वर्षं ते तिथवरच येतंय. एकाच रेघेवर पेन्सिल फिरवता दोघी.

आई : फिरवतो. चांगली जाड झालीय रेघ. मग तिथेच ताटं घेऊन बसायचं, आणि अंधार पडला तरी दिवे न लावता गप्पा मारायच्या.

ताई : आणि परत आल्यावर आठवडाभर मी ते ऐकायचं.

धाकटी : तुझ्या घरात ऊन येत नाही, त्याला मी काय करू?

ताई : तू काही करू नकोस. मी केलंय. आई, अशी भिंतीकडे तोंड करून बस. दहा मिनिटं फक्त.

धाकटी : म्हणजे जिन्यातला तो आरसा... मी स्वतःलाच धडकणार होते मघाशी. दुकानातला उचलून आणलास?

ताई : हो.

धाकटी : आणि गिऱ्हाइकं?

ताई : आजचा दिवस माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील. सकाळी एकीला म्हटलं, छान बसलाय ड्रेस. गेली बिचारी.

(कपाटाशेजारच्या भिंतीवर उन्हाची उभी पट्टी येते.)

आई : अगं बाई.

धाकटी : ताई, हे उसनं ऊन झालं.

ताई : असू दे. जिन्यात ऊन नेमकं कुठे पडतं ते बघायला तीन दिवस चढउतार केलाय. आई, ही पेन्सिल.

आई : एवढा खटाटोप कशाला? तुझं घर अंधारं आहे असं मी कधी म्हटलं का?

ताई : नाही म्हणालीस. पण आज उजाडायच्या आत उठून ठेवणीतले कपडे काढलेस. वर्षभर इथे जुन्या गाऊनमध्ये असतेस, गोळ्यांवरून माझ्याशी भांडतेस, आणि एका दिवसासाठी नटून हिच्याकडे जातेस. जळते मी. स्पष्टच सांगते.

आई : तिथे मी पाहुणी असते गं. इथे घरचीच.

ताई : एकदा तरी मला तू पाहुणी म्हणून हवी होतीस.

आई : दे ती पेन्सिल.

धाकटी : ताई, तुझ्याशी भांडते ना ही, तशी माझ्याशी अकरा वर्षांत एकदाही भांडलेली नाही.